निशाणी अंगठा

तेहेतीस वर्षे महसूल खात्याच्या दफ्तरात आवक-जावक, बारनिशी, टिपणी आणि स्मरणपत्रे यांच्या सहवासात काढून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या बाईने, उर्वरित आयुष्य शेगावच्या वाऱ्या, नातवंडांचे लाड आणि लोणच्याच्या बरण्या यांत सुखाने जाईल, अशी अपेक्षा केली, तर त्यात तिचा काही अपराध आहे असे मला वाटत नाही. परंतु ज्या दिवशी कचेरीतील मंडळींनी मला नारळ, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन निरोप दिला, त्याच दिवशी सायंकाळी जिल्ह्यातील नोकरदार व व्यावसायिक स्त्रियांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिन म्हणून माझी नेमणूक झाली. हुकूम तोंडी होता, मुदत बेमुदत होती आणि वेतनाच्या रकान्यात ‘निरंक’ होते. “काकू, तुम्हांला आता वेळच वेळ,” एवढेच कारण नमूद करण्यात आले होते. आणि निवृत्त माणसाविरुद्ध केलेल्या आरोपांत हा आरोप असा आहे की, त्याचे खंडन करायलासुद्धा वेळ आहे हेच त्यातून सिद्ध होते.

ग्रुपवर आम्ही शंभराला तीन कमी इतक्याजणी आहोत. तलाठी आहेत, शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, दोन डॉक्टर आणि तीन वकील आहेत. बँकेत रोखपाल असणारी आहे, शेवया-पापडाचा कारखाना अंगणातून चालवणारी आहे, आशाताई आहेत, अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस आहेत. जिल्ह्याचे तालुके तेरा असले, तरी स्वभाव दोनच: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार आणि दोन्ही ‘राजे’, म्हणजे देऊळगाव आणि सिंदखेड, हे घाटावरचे, आणि मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. ग्रुपवरील पहिला वाद याच भूगोलातून उद्भवला. वैशाखाच्या ऐन भट्टीत घाटाखालच्या भगिनी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या असता, बुलढाण्याच्या एका बाईंनी ‘आज काय सुंदर गारवा सुटला आहे!’ असे लिहून सोबत गच्चीवरच्या चहाचा फोटो टाकला. हा शिष्टाचाराचा भंग होय की नव्हे, यावर दीड दिवस चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी तीन सदस्या कोणतेही कारण न देता ग्रुपमधून बाहेर पडल्या. पैकी दोन परत आल्या. तिसरी, नंतर कळले, बाहेर पडलीच नव्हती. तिच्या नातवाने फोन घेतला होता.

एवढ्या स्त्रियांनी एकत्र येण्याची आमच्याकडची जुनी व्यवस्था म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू. वाण लुटायचे, तिळगूळ घ्यायचा, आणि कोणाची बदली झाली, कोणाच्या लेकीचे ठरले, कोणता दुकानदार मापात मारतो, हे सर्व ज्ञान अत्तर आणि गुलाबपाण्याबरोबर पसरवायचे, अशी ती एक फिरती वार्तासंस्थाच होती. तिचे दोष पुष्कळ होते. त्यांतील मुख्य हा की, कपाळावर कुंकू नसलेल्या बाईला त्या वार्ता दारापर्यंतही पोहोचत नसत. व्हॉट्सॲपचे कितीही दोष सांगितले, तरी ग्रुपवर कोणी कोणाचे कपाळ पाहत नाही, ही गोष्ट त्याच्या जमेच्या बाजूला मांडलीच पाहिजे.

मग निराळ्या ग्रुपचे प्रयोजन काय, कचेरीचे आणि शाळेचे संयुक्त ग्रुप होतेच की, असा प्रश्न एका पुरुष सहकाऱ्याने मला विचारला. त्याचे उत्तर असे की, संयुक्त ग्रुपवरून बाईचा नंबर सहज मिळतो आणि नंबर मिळाला की काही सज्जनांच्या अंतःकरणात रात्री साडेदहाच्या सुमारास वात्सल्य जागृत होऊन ‘जेवलात का, मॅडम?’ अशी पृच्छा येते. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत दुपारी दीड वाजता, मी डबा उघडून बसलेली असताना, माझ्या जेवणाची चौकशी कोणी केल्याचे स्मरत नाही. उलट नेमक्या त्याच मुहूर्तावर ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणून शिपाई उभा राहत असे. रात्रीच्या या चौकशीला उत्तर काय द्यावे, यावर आमच्या ग्रुपवर अनेक मते पडली. न देणे हे उद्धटपणाचे, देणे हे उत्तेजनाचे, आणि नुसते ‘हो’ लिहिणे हे पुढील प्रश्नाला निमंत्रण देण्याचे लक्षण ठरले. शेवटी आमच्या रोखपालबाईंनी स्वानुभवाचा तोडगा सांगितला: ‘जेवले. वहिनींचा नंबर पाठवा, लोणच्याचं प्रमाण विचारायचं आहे.’ हा तोडगा अनेकींनी वापरून पाहिला. नंबर एकीलाही मिळाला नाही आणि चौकशी कायमची निकालात निघाली.

ॲडमिनपद स्वीकारल्यावर पहिल्या आठवड्यातच मी नियमावलीचा मसुदा हाती घेतला. आमचा हा वऱ्हाड मुलूख १८५३ च्या तहाने निजामाच्या अमलातून इंग्रजांच्या कारभारात गेला. पण मोगलाई गेली तरी तिचे शब्द कचेरीतच राहिले, आणि इंग्रज गेल्यावरही ते पेन्शन न घेता कामावर हजर आहेत. त्यामुळे मसुद्याला ‘सबब’, ‘मजकूर’, ‘बाब’ आणि ‘तपशील’ यांचा सुवास आपोआप आला. कलमे चौदा झाली. सर्वांची नक्कल येथे देत नाही. ज्या कलमांनी मला मनुष्यस्वभावाचे, किंवा अधिक काटेकोर लिहायचे तर नोकरदार स्त्रीच्या स्वभावाचे, शिक्षण दिले तेवढ्यांचाच परामर्श घेते.

पहिले कलम ‘शुभ प्रभात’ या बाबीचे. रोज पहाटे साडेपाचपासून गुलाब, वाफाळता चहा, उगवता सूर्य आणि त्यावर एखादे सुवचन अशा चित्रांची आवक सुरू होते, आणि सातपर्यंत तिने पंचविशी गाठलेली असते. ज्या वेळी बहुतेक सदस्यांच्या एका हातात पोळीचे लाटणे आणि दुसऱ्या हातात मुलीची वेणी असते, त्या वेळी ‘जीवन हे एक शांत सरोवर आहे’ असे सांगण्याचे प्रयोजन काय, हे मला उमगत नसे. सरोवराचा विषय निघालाच आहे, तर २०२० च्या जूनमध्ये आमच्या लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाचे ग्रुपवरील दृश्य सांगावे लागेल. तेच एक छायाचित्र बारा तालुक्यांतून येऊन आदळले आणि तेराव्या, म्हणजे खुद्द लोणार तालुक्यातील बाईंनी ‘हे कुठचं आहे?’ असे विचारले. शास्त्रज्ञांनी पुढे पाणी तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांकडे बोट दाखवले. पण आमच्या ग्रुपवर तोवर त्या गुलाबी रंगावर ‘शुभ प्रभात’ छापून झालेले होते.

दुसरे कलम संबोधनाचे. तीन अक्षरांच्या आतबाहेर असलेले हे शब्द आमच्या समाजरचनेचा सातबारा उताराच होत. जिची नेमणूक राजपत्रात येते ती ‘मॅडम’. जी फळ्यापुढे उभी राहते ती ‘बाई’. आणि जी उन्हातान्हात घरोघर फिरून गरोदर बायकांची नोंद घेते, रात्री-अपरात्री त्यांना दवाखान्यात नेते आणि मानधनाची वाट पाहते, ती ‘ताई’. ‘ताई’ हा शब्द मायेचा खरा. पण ज्या पदाला पगार देता येत नाही, त्याला नाते चिकटवून देण्याची ही सोय आहे, अशी मला पुष्कळ दिवसांपासून शंका आहे. मी नियम केला की, ग्रुपवर सर्वांनी सर्वांना ‘ताई’च म्हणावे. आठ दिवस तो पाळला गेला. नवव्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंना एका नवख्या सदस्येने ‘ताई, ताप उतरत नाही’ असे लिहिले आणि उत्तर आले नाही. दहाव्या दिवशी तोच मजकूर ‘मॅडम’ घालून गेला आणि उत्तर तात्काळ आले. डॉक्टरीणबाईंनी मला पुढे शपथेवर सांगितले की, नवव्या दिवशी त्या शस्त्रक्रियेत होत्या. मी विश्वास ठेवला. पण नियम शिथिल केला.

तिसरे कलम नावाशेजारच्या वाटोळ्या चित्राचे, ज्याला हल्लीच्या मुली ‘डीपी’ म्हणतात. मी एकदा हजेरी घेतली, तेव्हा सत्त्याण्णव स्त्रियांत गजानन महाराज, राजमाता जिजाऊ, नातवंडे, मुलांच्या पदवीदानाचे फोटो, फुले, पतिदेवांसह काढलेले आणि पतिदेवांचे एकट्याचे असे सर्व प्रकार मिळाले. स्वतःचा, एकटीचा, समोर पाहणारा चेहरा लावलेल्या फक्त अकरा निघाल्या. जिजाऊंचे माहेर सिंदखेड राजा आमच्या जिल्ह्यात आहे, आणि १२ जानेवारीला त्यांच्या जयंतीचा लोट ग्रुपवर असा येतो की, फोन तापून पदरात धरावा लागतो. परंतु त्या माउलीचे चित्र लावून तिच्या आड बसणे आणि तिच्यासारखे समोर पाहणे, या दोन निराळ्या बाबी आहेत. हे मी लिहीत आहे खरे. पण त्या वेळी माझ्या नावाशेजारी तुळशीवृंदावन होते, हेही दप्तरी दाखल असावे.

चौथे कलम खाडाखोडीचे. कचेरीचा शिरस्ता असा की, कागदावर खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी आद्याक्षरी करायची, म्हणजे लपवाछपवीचा संशय राहत नाही. व्हॉट्सॲपने २०१७ साली लिहिलेले सर्वांच्या फोनवरून पुसून टाकण्याची सोय दिली आणि तिच्याबरोबर आद्याक्षरीही आपण होऊन दिली: ‘हा संदेश काढून टाकण्यात आला आहे.’ या एका वाक्याने आमच्या ग्रुपवर जेवढी खळबळ माजते, तेवढी कोणत्याही मजकुराने कधी माजली नाही. मूळ मजकूर ‘दळण आणायला सांगा’ एवढाच असतो, घरच्या ग्रुपवर जायचा तो इकडे आलेला असतो. पण पुसल्यामुळे त्याला गोपनीय अहवालाची प्रतिष्ठा लाभते. तसेच २०१४ पासूनच्या त्या दोन निळ्या खुणा. आमच्या भाषेत ती पोच. निळ्या खुणा बंद करून ठेवणारी बाई म्हणजे टपाल घेऊन पोच-वहीत सही न करणारा इसम, असे माझे स्पष्ट मत होते. परंतु चिखलीच्या एका शिक्षिकेने, “काकू, सासरचे ग्रुप चार आहेत,” एवढे सांगताच मी ते मत मागे घेतले.

आता पाचवे कलम. ते अंगठ्याचे.

जो अंगठा दाबला असता मजकुराखाली पिवळ्या रंगाची मूठ उमटते, त्याचा अर्थ निश्चित करण्यासाठी मी जेवढी टिपणे घेतली, तेवढी जमाबंदीच्या वेळीही घेतली नसतील. तो अंगठा ‘वाचले’ असे सांगतो, ‘मान्य’ असे सांगतो, ‘मान्य नाही, पण वाद नको’ असेही सांगतो. वरिष्ठांनी दिला तर ‘ठीक आहे, आता पुरे’, कनिष्ठांनी दिला तर ‘आपली आज्ञा’, आणि जावेने दिला तर काय, हे जाऊच जाणे. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे: अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडायचा, भोवती धान्ये ठेवायची, आणि दुसऱ्या पहाटे कोणता दाणा किती सरकला यावरून वर्षाच्या पावसापाण्याचे भाकीत करायचे. अंगठा किती मिनिटांनी आला, एकच आला की त्याबरोबर फूल आले, आणि नेहमी येणारा आज का आला नाही, यावरून आमच्या भगिनी एकमेकींच्या अंतःकरणाचे जे भाकीत करतात, त्याला त्या मांडणीइतकीच साधना लागते.

मला मात्र त्या अंगठ्याकडे पाहून दुसरेच काही आठवत असे. नोकरीच्या आरंभी जुन्या दफ्तरातील कागद मी पुष्कळ हाताळले. ज्याला लिहिता येत नसे, त्याची सही म्हणजे निशाणी. कुणब्याची नांगराची, सुताराची वाकसाची, आणि पुढे सरसकट अंगठ्याची. बाईचे नाव कागदावर आले, की त्याखाली शाईचा तो काळा, किंचित फरपटलेला ठिपका ठरलेला. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपल्या भाषेत शिवीच्या वाटेने गेला, तो याच ठिपक्यामुळे. तो ठिपका पुसून तेथे सही यावी म्हणून सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलले. आमच्या आयांनी रॉकेलच्या दिव्याखाली आम्हांला बाराखडी गिरवायला लावली. आम्ही पदव्या घेतल्या, परीक्षा दिल्या, कोणी निकालपत्रे लिहिली तर कोणी शवविच्छेदनाचे अहवाल. आणि या सर्व उपद्व्यापाचे फलित म्हणून सत्त्याण्णव सुशिक्षित स्त्रिया दिवसभर काय करतात, तर अंगठा देतात! फरक एवढाच की, पूर्वीचा अंगठा शाईने भरत असे. हा धुवावा लागत नाही.

हे सर्व माझ्या मनात होते. ग्रुपवर मी लिहिले नव्हते. ग्रुपवर मीही अंगठाच देत असे.

आणि याच बुलढाण्यात, जेथे माझी कचेरी होती त्याच गावात, एका कारकुनाच्या घरातून शंभरावर वर्षांपूर्वी एक सही झाली होती. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई. हेडक्लार्कची मुलगी म्हटल्याबरोबर मला ती भावकीतली वाटते. घरात मसुद्यांची भाषा कानावर पडत असणार, आणि वडील सत्यशोधक विचारांचे असल्यामुळे पोरीने वाचले-लिहिले तर आभाळ कोसळेल असेही त्यांना वाटत नसणार. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेचा जो पंचनामा सुरू झाला, त्यात पुण्याचे ‘पुणेवैभव’ आघाडीवर होते. ताराबाईंनी उत्तर लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक निघाले: प्रती पाचशे, किंमत नऊ आणे, आणि वर लेखिकेचे नाव, टोपण नव्हे, धडधडीत.

त्या पुस्तकातील शिष्टाचार मला फार अभ्यासनीय वाटतो. प्रस्तावनेत ताराबाई विनयाचा पदर पूर्ण डोक्यावर घेतात: आपण मराठमोळ्याच्या बंदीतली, ज्ञानहीन अबला आहोत, लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे, भाषा कठोर झाली असेल तर वाचकांनी संभाळून घ्यावे, अशा आशयाचे. आमच्या ग्रुपवर कोणी आपले खरे मत लिहायला बसली, की आरंभी ‘क्षमस्व’, ‘चुकीचं वाटलं तर सॉरी’, ‘मी लहान आहे, पण’ अशी जी प्रस्तावना येते, तिची वंशावळ थेट तेथवर जाते. भेद असा की, आमची प्रस्तावना संपते तेथेच बहुधा पत्रही संपते; ताराबाई मात्र प्रस्तावना आटोपताच पदर खोचून उभ्या राहतात आणि जे जे दुर्गुण बायकांच्या नावे खतावले गेले होते, ते एकेक काढून पुरुषांच्या खात्यावर व्याजासह जमा करतात. विधवेने जन्मभर कोपऱ्यात बसायचे आणि विधुराने दहाव्या-बाराव्या दिवशी बोहल्याचा विचार करायचा, हे कोणत्या देवाचे फर्मान, असा त्यांचा एकंदर सवाल आहे. क्षमा मागून झाल्यावर त्यांनी पुन्हा क्षमा मागितली नाही.

त्याचे पुढे काय झाले? निंदा झाली, टवाळी झाली. जे आपले म्हणवत त्या सत्यशोधक गोटातूनही नाके मुरडली गेली. पाचशे प्रतींपैकी किती घरांत त्या पदराआड वाचल्या गेल्या असतील, आणि किती बायकांनी मनातल्या मनात ‘शाब्बास गं बाई’ म्हटले असेल, याची बारनिशी कोठेच नाही. चारचौघांत, छापून, तिच्या बाजूने उभे राहिले जोतीराव फुले. १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांनी ताराबाईंची पाठराखण केली आणि टीकाकारांना खडसावले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. पहिलेही विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून वर काढीपर्यंत. पोच मिळायला ९३ वर्षे लागली. आणि आमच्याकडे दोन निळ्या खुणा दोन मिनिटांत न उमटल्या तर रुसवे होतात.

हे पुराण मी सांगते आहे त्याला कारण घडले. गेल्या आषाढात एका रात्री ग्रुपवर एका तरुण तलाठी मुलीने चाळीस ओळींचा मजकूर टाकला. विषय किल्लीचा होता. एका कचेरीच्या आवारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे, ते शासकीय खर्चाने बांधलेले आहे, त्यावर पाटी आहे, आणि ते सदैव स्वच्छ आहे. कारण ते सदैव कुलूपबंद आहे. किल्ली एका टेबलाच्या खणात, खणाची किल्ली एका गृहस्थांच्या खिशात, आणि गृहस्थ बहुधा चहाच्या टपरीवर. किल्ली मागायची तर चार पुरुषांसमोर कारण सांगायचे, आणि कारण न सांगावे तर चौघांनाही ते ठाऊक असते. म्हणून तेथील बायका सकाळी नऊपासून पाणी पीत नाहीत, आणि सायंकाळी सहा वाजता घरी पोहोचताच आधी कोणाकडेही न पाहता थेट आत जातात. हे वर्षानुवर्षे चालू आहे, त्याने दुखणी जडली आहेत, आणि यावर कोणी अर्ज केलेला नाही, असे तिने लिहिले. आरंभी ‘क्षमस्व’ नव्हते. शेवटी पूर्ण नाव होते.

निळ्या खुणा उमटत गेल्या. पोच सर्वांची. उत्तर कोणाचेच नाही. अंगठासुद्धा नाही, कारण एवढ्या मजकुराला अंगठा दिला तर तो पुरावा होतो, हे ज्ञान नोकरदार स्त्रीला उपजतच असते. पहाटे साडेपाचला गुलाब आला, त्यावर सुविचार होता, ‘मौन हे सर्वोत्तम उत्तर आहे’. आणि त्याच्या पाठोपाठ वीस-बावीस शुभ प्रभातींनी तो चाळीस ओळींचा मजकूर वर, वर, दृष्टीआड ढकलून दिला. कचेरीत हेच काम आम्ही प्रकरण गठ्ठ्याच्या तळाशी घालून करीत असू.

चार दिवसांनी ती मुलगी घरी आली. मी चहा ठेवला. तिने आधी पाणी मागितले आणि पेलाभर पाणी एका दमात प्यायली. मला तो पेला पाहवेना.

“काकू,” ती म्हणाली, “पर्सनलवर एकतीस जणींनी लिहिलं. कुणी शाब्बास म्हटलं, कुणी सांभाळून राहा म्हटलं, एकीनं तर रडतानाचा व्हॉइस पाठवला. ग्रुपवर मात्र एकही नाही.”

मी साखर शोधू लागले. साखर समोरच होती.

“त्या एकतिसांत तुम्हीपण आहात, काकू,” ती हसून म्हणाली. रागावली असती तर बरे झाले असते.

माझा मजकूर मला पाठ होता: ‘बाळ, अगदी खरं लिहिलंस. अभिमान वाटला. पण जरा जपून.’ खासगीत शाबासकी आणि चव्हाट्यावर मौन, हा आम्हां नोकरदार स्त्रियांचा चौदा कलमांत न बसलेला, पण सर्वांत कसोशीने पाळला जाणारा शिष्टाचार आहे, हे मला त्या स्वयंपाकघरात प्रथम उमगले. त्याच आवारातील कुलपाशेजारून मीही कित्येक वर्षे ये-जा केली होती. मी अव्वल कारकून होते. किल्लीसाठी एक टिपणी लिहिणे माझ्या लेखणीला जड नव्हते. तेहेतीस वर्षांत ती लिहिली नाही. त्या रकान्यात ‘निरंक’.

दुसऱ्या दिवशी बहिणीकडे मलकापूरला जाण्यासाठी एसटीत बसले. बुलढाणा सुटले आणि राजूर घाट लागेपर्यंत मी लिहीत होते. मसुदा केला नाही, हे नोकरीनंतरचे पहिलेच लेखन. ‘सदर सदस्येने किल्लीबाबत लिहिलेला मजकूर खरा आहे. मी स्वतः त्याची साक्षीदार आहे. मी यावर वेळीच लिहिले नाही, ही चूक माझी. अर्ज करायचा असल्यास पहिली सही माझी धरावी.’ खाली संपूर्ण नाव, ‘सेवानिवृत्त अव्वल कारकून’, आणि जुन्या कागदांवर ज्याला लिहिता येते तो मोठ्या दिमाखाने जे लिहीत असे ते दोन शब्द: ‘दस्तुर खुद्द’. बाण दाबला, आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर नेटवर्क गेले. मजकुराशेजारी बारीकसे घड्याळ फिरू लागले. निरोप घेताना मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळानेही मला कधी इतके अस्वस्थ केले नव्हते. अजून पुसता येईल, असा एक सुज्ञ विचार दुसऱ्या वळणावर मनात आला. तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आल्यामुळे एसटी करकचून थांबली आणि तो विचार फोनबरोबर सीटखाली पडला. फोन सापडला तेव्हा घाट उतरून झाला होता आणि मजकूर गेलेला होता.

मोताळ्याला गाडी थांबली तेव्हा पहिले उत्तर आले. ते लेखी नव्हते. आमच्या एक अंगणवाडी मदतनीस आहेत, साठीला टेकलेल्या, ज्यांनी ग्रुपवर आजवर तोंड उघडलेले नव्हते. मी फोन कानाला लावला: “काय सांगू वं माय, आमच्या इथं त किल्लीचा बी झगडा नाई, कारन संडासच नाई. पोरीनं लिवलं थे सोळा आने खरं हाय. म्या त कवापासून म्हनतो, पन माह्यावालं कोन आयकते? माहं नाव घाला वं अर्जावर. कोनाले राग आला त येऊ द्या!” शेजारच्या बाकावरील शेतकऱ्याने मान डोलावली, आवाज त्याच्यापर्यंत गेला होता.

मग अंगठे येऊ लागले. नांदुऱ्याचा, मेहकरचा, खामगावचे दोन, डॉक्टरीणबाईंचा. मलकापूर येईपर्यंत मी अठ्ठावीस मोजले. प्रथम मला त्यांचा राग आला. मग जुन्या कागदांचा शिरस्ता आठवला. अंगठा नुसता कधीच चालत नसे. त्याच्याशेजारी, हा अंगठा अमकीचा आहे, माझ्यासमक्ष उमटवला, असे लिहून कोणी तरी स्वतःची सही करावी लागे. तेवढी एक सही असली की मग अंगठाही कोर्टात उभा राहत असे. इतकी वर्षे आमच्या अंगठ्यांना किंमत आली नाही, त्याचे कारण अंगठा नव्हता. शेजारी सही करणारे कोणी नव्हते. त्या रात्री मी चौदाही कलमे रद्द केली आणि एकच ठेवले: जे कौतुक पर्सनलवर लिहाल, ते ग्रुपवर लिहा. आणि तुळशीवृंदावन काढून माझा फोटो लावला. नातू म्हणतो, पासपोर्टवरचा वाटतो.

अर्ज गेला. त्यावर सह्या एकोणचाळीस, व्हॉइस मेसेजचे लेखी रूपांतर एक. किल्ली आता खणात नसते. भिंतीवरच्या खिळ्याला, नारळाएवढ्या लाकडी ठोकळ्याला बांधून टांगलेली असते, म्हणजे ती घेऊन जाणारी बाई आवाराच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसावी. शिवाय आत नळ आहे. पण नळाला पाणी नाही. ही बाब स्वतंत्र टिपणीची असून, मसुदा ग्रुपवर फिरत आहे.